भिकाबाईनं हसायचं न्हाई

भिकाबाई राठोड हसायला लागली की काय होतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सुरुवातीला काहीच होत नाही. नुसते डोळे बारीक होतात. मग खांदे हलतात, मग गळ्यातली नाण्यांची माळ वाजायला लागते, आणि मग असं काही हसू फुटतं की पुसेगावच्या रस्त्यानं चाललेला माणूस फटफटी थांबवून विचारतो, "काय झालं हो तांड्यात?" काहीही झालेलं नसतं. शेजारच्या पारुबाईच्या बोकडाचं तोंड घागरीत अडकलेलं असतं, एवढंच.

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची. नक्की वय देवाला ठाऊक. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, पण तांड्यातल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस एक जानेवारीलाच येतो. कार्ड काढणाऱ्या पोराला घाई होती. लग्न होऊन आली तशी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना गाणं म्हणायची, आणि मुकादम कपाळाला हात लावायचा, कारण बाकीच्या बायका मोळ्या खाली टाकून ऐकत उभ्या राहायच्या. पोरं मोठी झाली, रानात बोअरला पाणी लागलं, तेव्हा तिनं कोयता आढ्याला खोचला आणि शेळ्या घेतल्या. ओमप्रकाश, थोरला, वारंगा फाट्यावर टायरचं दुकान टाकून बसला. धाकटी मिना हिंगोलीच्या कॉलेजात जायला लागली. घरात त्यांची बंजारा बोली गोरमाटी, बाहेर मराठी, आणि भांडायचं असलं की भिकाबाईला दोन्ही कमी पडायच्या.

नवरा रतनसिंग म्हणजे अगदी दुसरं टोक. तो दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं भिकाबाई चूळ भरता भरता बोलते. पण हाताचा पक्का गडी. तांड्यात लग्न असो, नवस असो, बोकड कापायला रतनसिंगच लागायचा. जनावराला कळायच्या आत काम आटपायचं, आणि मग उकिडवं बसून कातडं, आतडं, कलेजी असं एकेक वेगळं काढायचं, न बोलता.

त्यांच्या घरात एक रीत होती. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तांडे मुलूखभर फिरायचे, तेव्हा मुक्कामाला राखण कुत्र्यांची. म्हणून बोकड कापला की राखणदाराचा वाटा आधी, माणसांचा मागून. सासूनं ही रीत भिकाबाईच्या पदरात टाकली आणि भिकाबाईनं ती इमानानं पाळली. कलेजीवर कधीमधी पांढरट पाण्याचा फोड निघायचा. फोडाची कलेजी माणसं खात नाहीत. रतनसिंग ती बाजूला काढून ठेवायचा आणि भिकाबाई उचलून कुत्र्याला टाकायची. कच्ची, गरम. कुत्र्याचं नाव फौजदार. तो सगळं मटकावून यायचा आणि तिच्या हनुवटीपासून कानापर्यंत चाटायचा, आणि ती त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याच्याशी गप्पा मारायची. मग त्याच हातानं भाकरी. हात धुवायची की! पण घाई असली की पदराला पुसायची, आणि भिकाबाईला घाई नाही असा दिवस उगवलेला कुणी पाहिला नाही.

तर झालं असं. पारुबाईच्या जगनचं लग्न होतं. पारुबाई आणि भिकाबाई यांचं कुंपणावरून किती वर्षं भांडण चाललंय ते विचारू नका, पण लग्नात नाचायला पुढं भिकाबाईच पाहिजे, नाहीतर लग्न लागलंच नाही असं पारुबाईचंच मत. भिकाबाई घागरा सावरत उतरली, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि छातीत कबुतर कोंडल्यागत फडफड व्हायला लागली. ती मटकन खाली बसली.

"झाली का नाटकं सुरू?" पारुबाई ओरडली. "माझ्याच लेकाच्या लग्नात बरं आठवते तुला!"

मग तिनं भिकाबाईचे पांढरे पडलेले ओठ पाहिले आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

तांड्यानं एकमतानं निदान केलं: गॅस. आपल्याकडे डोकं दुखलं तरी गॅस, बैल लंगडला तरी गॅस. सोडा पाजला, ओवा खाऊ घातला, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. फडफड काही जाईना. शेळ्यांमागं चार पावलं पळाली की दम लागायचा. शेवटी मिनानंच पाय आपटले. "याडी, उद्या हिंगोलीला चलायचं. न्हाईतर मी कॉलेज सोडून घरी बसते." याडी म्हणजे आई. भिकाबाईला छातीची भीती नव्हती, पण पोरीच्या कॉलेजची होती. दुसऱ्या दिवशी गोपीचंदच्या काळीपिवळीत तिघं जण हिंगोलीला गेले.

पहिल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, ती उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाले, "डॉक्टर ऐश्वर्या खिल्लारेंकडे जा. सोनोग्राफी करून घ्या." भिकाबाईला वाटलं हे डॉक्टर चळले. खिल्लारे मॅडमच्या दारात पोचल्यावर तर खात्रीच पटली. दारावर पाटी होती. मिनानं ती मोठ्यानं वाचली, कॉलेजात गेल्यापासून तिला दिसेल ते वाचायची सवय लागलेली. "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही."

"आता गं बया!" भिकाबाईनं पदर तोंडात कोंबला. "मिनाच्या बा, ऐकलं का? या वयात!"

रतनसिंग कानापर्यंत लाल झाला आणि दाराबाहेर जाऊन चपलांपाशी बसला. मागून पाण्याची बाटली द्यायला आलेल्या गोपीचंदनं पाटी पाहिली, भिकाबाईला आत जाताना पाहिलं, रतनसिंगचं तोंड पाहिलं. बाटली तशीच हातात घेऊन तो गाडीत परत गेला आणि फोन काढला.

आत अंधार, गार हवा आणि टेबलावर त्याहून गार जेल. डॉक्टर ऐश्वर्या म्हणजे हिंगोलीचीच पोरगी, नुकती शिकून परत आलेली. तिनं साबणाच्या वडीएवढं एक यंत्र भिकाबाईच्या छातीवर टेकवलं आणि पडद्यावर काहीतरी करड्या रंगाचं उड्या मारायला लागलं.

"हे काय हाय, एवढं कूदून राहिलं?"

"मावशी, ते तुमचं हृदय. ह्या झडपा बघा, उघडतात, मिटतात. आवाजाच्या लाटा आत जातात, आपटून परत येतात, त्यातून हे चित्र बनतं. काही टोचत नाही, काही नाही."

भिकाबाई बघतच राहिली. जन्मापासून हे इथं असं एकटं राबत होतं! "एवढं काम करून राहिलं बिचारं," ती म्हणाली, "अन् मी त्याला कधी पाणीबी विचारलं न्हाई." आणि तिचे डोळे बारीक झाले, खांदे हलले, टेबल हललं, पडद्यावरचं हृदय थयथय नाचायला लागलं.

"मावशी, हलू नका. प्लीज. एक मिनिट." डॉक्टरांचा आवाज बदलला होता. यंत्र एका जागी थांबलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या जाड भिंतीत एक काळा गोल होता. लिंबाएवढा, आणि त्याच्या आत बारके बारके गोल, दाटीनं बसलेले. डॉक्टर ऐश्वर्यानं फोन करून आपल्या सरांना विचारलं, चित्रं पाठवली, परत यंत्र लावलं. तिचे गाल तापले होते. असला रोग तिनं पुस्तकात वाचला होता, लिव्हरमध्ये पाहिलाही होता. पण हृदयात! ह्याला म्हणतात नशीब, आणि ते चांगलं का वाईट हे तिचं तिलाच कळेना.

मग तिनं समजावून सांगितलं. कुत्र्याच्या पोटात एक बारीकसा जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, हाताला लागतात, हातावरून तोंडात जातात. शेळीच्या पोटात गेली की तिच्या कलेजीवर पाण्याचे फोड येतात. ते फोड कच्चे खाल्ले की कुत्र्याला परत जंत. आणि माणसाच्या पोटात अंडी गेली तर माणसाला फोड. "बहुतेक वेळा लिव्हरमध्ये होतात, फुफ्फुसात होतात. तुमचा चुकून रक्तातून इथं आला. वर्षानुवर्षं वाढत बसलाय. मोठ्या गाठीच्या आत ह्या छोट्या दिसतात ना, त्यांना आम्ही तिच्या लेकी म्हणतो."

"म्हंजे माझ्या काळजात कोणी बाळंतीण होऊन राहिली," भिकाबाई म्हणाली, "अन् मलाच खबर न्हाई!"

"मावशी, हसण्यासारखं नाही हे." डॉक्टरनं तिचा हात धरला. "ही गाठ फुटली तर आतलं पाणी रक्तात जाईल. माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. पळायचं नाही, नाचायचं नाही, ओझं उचलायचं नाही, छातीला हिसका बसू द्यायचा नाही. आणि ऑपरेशन करून ती काढायची. संभाजीनगरला माझे सर आहेत. ते हृदय थोडा वेळ थांबवतील, मशीन रक्त फिरवत राहील, तेवढ्यात गाठ काढून..."

"थांबवतात?" भिकाबाई उठूनच बसली. "काळीज थांबवतात? न्हाई गं माय. आमच्या ओमप्रकाशची पिकअप एकदा बंद केली की चालू होत न्हाई, चार गडी लागतात धक्क्याला. माझ्या काळजाला कोण धक्का मारील?" आणि तिनं घागरा झटकला आणि बाहेर पडली. तिथं गोपीचंदनं तिला गाडीत पुढची सीट दिली आणि उशाला आपला टॉवेल दिला. तिला काही उमगेना.

मिना घरी न जाता थेट वसराम नायकाकडे गेली. वसराम म्हणजे तांड्याचा प्रमुख, तोंडानं तिखट, मनानं लोणी. त्यानं त्याच संध्याकाळी माणसं जमवली आणि सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टरीन म्हणते हिसका बसू द्यायचा न्हाई. बराबर? आता मला सांगा, ती हसते तवा हिसका बसते का न्हाई? अरे, तिच्या हसण्यानं माझ्या घरचे पत्रे वाजतात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. "मंग ठरलं. भिकाबाईनं हसायचं न्हाई. जो कोणी हसवील त्याच्या दारी तांडा जेवणार न्हाई."

हा निर्णय भिकाबाईला कुणी सांगितला नाही. सांगितला असता तर ती हसली असती.

झालं! दुसऱ्या दिवसापासून तांडा सुतकात गेला. बायका पाण्याला जाताना तिच्या दारावरून मान खाली घालून जायच्या. जगन बायकोला घेऊन पाया पडायला आला आणि इतका गंभीर उभा राहिला की नवी सून रडायलाच लागली. खुद्द नायक विचारपूस करायला आला. तो बाजेवर बसून "तब्येत कशी हाय" म्हणत असताना मागून भिकाबाईच्या शेळीनं त्याच्या पागोट्याचं टोक तोंडात धरलं आणि चघळत चघळत सगळं पागोटं उलगडत नेलं. नायकाला कळलं, पण हलला नाही. बोडक्या डोक्यानं, सरळ चेहऱ्यानं बोलत राहिला. दारात उभ्या असलेल्या तिघी बायका ओठ चावत पळून गेल्या.

भिकाबाई मात्र आता खरोखर घाबरली. आणि कळस केला तो पारुबाईनं. ती कढीचं पातेलं घेऊन आली, आपणहून कुंपणाच्या बोराट्या हातभर मागं सरकवल्या आणि म्हणाली, "ताई, गरम हाय तवर घे."

ती गेल्यावर भिकाबाईनं मिनाला जवळ बोलावलं. "पोरी, खरं सांग. पारू मला ताई म्हणली. म्हंजे मी मरून राहिले ना?"

"याडी, तू ऑपरेशनला हो म्हण. कोणी मरत न्हाई."

"ते सोडून बोल," भिकाबाई म्हणाली. दिवसातून दहादा तिला ऑपरेशनचं विचारलं जाई आणि दहादा हेच उत्तर मिळे. ओमप्रकाश फाट्यावरून येऊन रागावून गेला, मिना जेवायची राहिली. रतनसिंग नुसता बसून असायचा, सुरीला धार लावत. धार कधीच लागून झाली होती.

मग एके दुपारी शिरड शहापूरकडून भिकाबाईची मावशी आली. म्हातारी, कंबरेत वाकलेली, काठी टेकत. डोक्यावर डबा. डबा उघडला तर आत डिंकाचे लाडू, आणि लाडवांवर लोकरीच्या इवल्याशा पायमोज्यांची जोडी. म्हातारीनं भिकाबाईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "गोपीचंद सांगत होता. देवाची करणी हाय पोरी, लाजू नको. पण मला एक सांग, रतनसिंग तर तोंड उघडून पाणीबी मागत न्हाई, त्यानं हे कसं काय..."

भिकाबाईचे डोळे बारीक झाले.

"न्हाई! न्हाई! न्हाई!" अंगणातून मिना ओरडली. "याडी, न्हाई!" पारुबाई कुंपणावरून उडी मारून आली. रतनसिंग सुरी टाकून धावला आणि त्यानं बायकोच्या तोंडावर हात दाबला. पण नदीला पूर आला की पत्र्याचं दार लावून भागतं का? पंधरा-वीस दिवसांचं साठलेलं हसू होतं ते. नायकाचं पागोटं, पारूची ताई, सुनेचं रडणं, पाटी, लाडू, पायमोजे, सगळं एकदम उसळलं. माळ वाजली, बाज वाजली, शेळ्या ओरडल्या, आणि तिला बघून पारुबाईही फिदीफिदी हसायला लागली, आणि मग तर अख्खा तांडा. वसराम नायक काठी आपटत "बंद करा! बंद करा!" ओरडत आला आणि लाडू बघून स्वतःच पोट धरून खाली बसला.

आणि मधेच भिकाबाईचं हसू तुटलं. छातीतलं कबुतर भिंतींवर आपटायला लागलं, डोळ्यांपुढं काळोख आला, मान रतनसिंगच्या खांद्यावर कलंडली. थोड्या वेळात ती सावरली, पाणी मागितलं. पण तेवढ्या वेळात तांड्यातलं एकही माणूस श्वास घेत नव्हतं.

गोपीचंदनं पश्चात्तापानं गाडी अशी हाणली की हिंगोली कधी आली कळलं नाही. डॉक्टर ऐश्वर्यानं परत यंत्र लावलं. गाठ शाबूत होती. "हसल्यानं फुटेल असं मी म्हटलं नव्हतं," ती कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "पण फुटणार नाही असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. शेजारच्या भिंतीला धक्का लागतोय, म्हणून ठोके चुकतात. मावशी, किती दिवस असं चालवणार?" मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं दार उघडून चपलांपाशी बसलेल्या रतनसिंगला आत बोलावलं. "काका, तुम्ही पण बघा."

रतनसिंग आत आला. पडद्यापुढे वाकला. ठोका पडला की काळा गोल हलायचा, आणि आतले बारके गोल एकमेकांवर सरकायचे. रतनसिंगचा हात आपोआप पुढं झाला आणि काचेपाशी थांबला.

"हे मी पाह्यलेलं हाय," तो म्हणाला.

तो भिकाबाईकडे वळला. "मिनाची याडी, इकडं पाय. ह्याची कातडी कशी असते ठाव हाय का तुला? अंड्याच्या टरफलाच्या आतला पापुद्रा असते ना, तशी. सुरी लागायची गरज न्हाई. मी जीव मुठीत धरून काढतो, तरीबी फुटते, अन् पाणी थेट तोंडावर उडते. अन् ते बोकड मेलेलं असते. हलत न्हाई. तुझं तर हलून राहिलं. सारखं हलून राहिलं." भिकाबाईनं त्याला एवढं सलग बोलताना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. "ते फोड मी काढले अन् फौजदाराला तू टाकले. आपून दोघांनी मिळून केलं हे. मंग तू एकटीनं न्हाई कशी म्हणते? अन् तू गेल्यावर मी दिवसभर कोणाचं ऐकत बसू?"

भिकाबाई हसली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पडद्यावर सरकणाऱ्या त्या गोलांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "करा बंद. पण परत चालू करायला माणूस हुशार ठेवा म्हणावं."

जायच्या आधी डॉक्टरनं घरातल्या सगळ्यांची पोटं तपासली, कुणाच्या पोटात काही निघालं नाही. फौजदाराला जंताचं औषध दिलं. त्यासाठी चार माणसं आणि एक गुळाचा खडा लागला, आणि तरी तो ओमप्रकाशला चावला. राखणदाराचा वाटा आता शिजवून द्यायचा आणि फोडाची कलेजी खोल खड्ड्यात पुरायची असं नायकानं तांड्याला बजावलं. संभाजीनगरला न्यायला ओमप्रकाशनं मित्राची मोठी गाडी आणली. भिकाबाईच्या चारी बाजूंनी गोधड्या कोंबल्या. खड्डा आला की रतनसिंग खाली उतरून पुढं चालायचा आणि हातानं दाखवायचा, इकडून घे, तिकडून घे. जिंतूरच्या अलीकडे एका कडब्याच्या बैलगाडीनं त्यांना मागं टाकलं. गाडीवाल्यानं वळून विचारलं, "पेट्रोल संपलं का?" भिकाबाईनं गोधडीच्या आतून त्याला अशी एक शिवी हासडली की बैलसुद्धा दचकले.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर ऐश्वर्या रजा टाकून आली होती. सरांनी तिला आत उभं राहू दिलं. आत जाण्याआधी तिनं मिनाला सांगितलं की आता यंत्र छातीवरून नाही, बारीक नळीच्या टोकाला बसवून अन्ननळीतून आत सोडणार. अन्ननळी हृदयाच्या पाठीमागूनच जाते, तिथून बघितलं की हृदयाची पाठ दिसते. मिनानं हे बापाला सांगितलं. रतनसिंगनं मान हलवली आणि भिंतीला टेकून बसला. ओमप्रकाश चहा आणायचा, चहा गार व्हायचा, तो परत आणायचा. मिना दिसेल ती पाटी वाचत होती, एकच पाटी पुन्हा पुन्हा. दार उघडलं की तिघंही उठायचे आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक व्हायची.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर ऐश्वर्या बाहेर आली. आली कसली, पळतच आली, डोक्यावरची टोपी एका कानावर लोंबत होती. "निघाली!" ती ओरडली, मग आपण कुठं आहोत ते आठवून हळू बोलली. "पूर्ण निघाली काका. आधी सुईनं पाणी ओढून घेतलं, मग आत कडक मिठाचं पाणी भरलं, म्हणजे उरलेलं मरून जावं, आणि मग आवरण सोलून काढलं. थेंब सांडला नाही. आणि ऐका ना, सर टाके घालायला लागले, तेवढ्यात नळीच्या चित्रात दिसली, अजून एक! मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी. छातीवरून मला कधीच दिसली नसती. तीही काढली. मग सगळे कोपरे परत बघितले, आत हवेचे बुडबुडे राहिलेत का तेही बघितलं. आता आत काही नाही. काहीच नाही!"

"अन् चालू केलं का?" रतनसिंगनं विचारलं.

"आपोआप झालं," डॉक्टर म्हणाली. "धक्का मारावा लागला नाही." आणि ती त्या लांबलचक बाकावर मिनाच्या शेजारी बसली आणि दोघी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी भिकाबाईच्या घशातली श्वासाची नळी काढली. आत एकाच माणसाला सोडणार होते. मिनानं बापाला पुढं ढकललं. रतनसिंगनं हिरवा झगा उलटा घातला, तो परत सुलटा घातला, तोंडाला मास्क बांधला आणि आत गेला. "थोडाच वेळ," सिस्टर म्हणाली. "आणि पेशंटला बोलायला लावू नका. छातीला टाके आहेत."

भिकाबाई एवढीशी दिसत होती. गळ्यात माळ नव्हती, चहूकडून वायरी. डोळे मात्र उघडे होते आणि रतनसिंगवर रोखलेले. बोलायला आवाज फुटत नव्हता. तिनं बोटं हलवली: बोल.

रतनसिंगला घाम फुटला. आयुष्यभर ह्या घरात बोलायचं काम तिचं होतं. त्यानं पायांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. तिनं परत बोटं हलवली, या वेळी जरा रागानं.

"पारुबाईचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुझ्या शेळ्या तिला दूध काढू देऊन न्हाई राहिल्या. लाथा मारतात. मंग तिनं काय केलं, तुझा घागरा नेसली. ओढणीबी तुझी. शेळ्या बराबर फसल्या, उभ्या राह्यल्या." तो थांबला. भिकाबाईची बोटं हलली: पुढं? "मंग फौजदारबी फसला. दिवसभर तिच्या मागं मागं. अन् वसराम नायक तिकडून येऊन राहिला होता. त्यानं मागून घागरा पाह्यला, ओढणी पाह्यली, कुत्रं पाह्यलं. त्याला वाटलं तू मेली अन् भूत होऊन दूध काढायला आली. जो पळाला तो थेट बोराटीच्या कुंपणात. काटे काढायला पारुबाईच गेली, तुझ्याच घागऱ्यात, तर नायकानं डोळे मिटले अन् हात जोडले, भिकाबाई माय, मीच लोकायला म्हणलो होतो तुला हसवू नका म्हून, माफ कर..."

भिकाबाईचे डोळे बारीक झाले. चादरीखाली खांदे हलले. खोकताना टाक्यांवर दाबायला दिलेली छोटी उशी तिनं दोन्ही हातांनी छातीशी आवळली, दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, घशातून नुसती फुसफुस निघत होती, पण ती थांबायला तयार नव्हती. वरच्या पडद्यावरच्या रेघा भराभर धावायला लागल्या, यंत्र टिकटिक करायला लागलं.

सिस्टर पळत आली. "अहो काका! काय करताय? त्यांना हसवू नका!"

रतनसिंगनं मास्क हनुवटीखाली ओढला. "हसू द्या बाई," तो म्हणाला. "आता आत फुटायला काई राह्यलं न्हाई."